लंकेची सहल आणि विसाव्याची पाळी



कृषी विस्तार अधिकारी लिहायला बसला की तो बियाणे, खते नाहीतर खोडकिडा यांविषयीच सांगणार, असे तुम्ही धरून चालता. ते साहजिक आहे. तीस वर्षे मी तेच सांगत आलो. आज मात्र सहलीविषयी लिहितो आहे. सहल तीही समुद्र ओलांडून श्रीलंकेची. दहा रात्रींची. सहा रात्री फिरण्याच्या आणि चार रात्री नुसते समुद्राकाठी बसून राहण्याच्या.

'हे आपल्यासाठी नाही' असे म्हणून पान उलटू नका. नोकरदाराला रजा असते, शाळेला सुटी असते, बैलालासुद्धा पोळ्याचा एक दिवस असतो. शेतकऱ्याच्या घराची रजा कोण मंजूर करणार? ती आपली आपणच करायची असते, आणि म्हणूनच ती होत नाही. लग्नकार्य, मयत, दवाखाना, देवदर्शन एवढ्यासाठी आपण गाव सोडतो. नुसता विसावा घ्यायला गाव सोडणे आपल्याला चोरी केल्यासारखे वाटते.

आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले, धानाच्या मुलखातले. शेती थोरले बंधू आणि वहिनी पाहतात. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हापासून दर पावसाळ्यात रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, चिखलात उभ्या आहेत. सौ.ने आणि मी सहलीचा विषय काढला तेव्हा दादा म्हणाले, "तिथं पाहायचं काय? धानच ना? ते तर माह्या बांधीत उभं आहे." वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "भाऊजी, तिथं माझं काय काम?"

हा प्रश्न मी विसरू शकलो नाही. जिथे काम नाही तिथे आपण जावे तरी कशाला, असे ज्या बाईला मनापासून वाटते, तिच्यासाठीच ही सहल आखायची असे सौ.ने आणि मी ठरवले. ती कशी आखली ते क्रमाने सांगतो. तुम्हाला लंकेला जायचे नसले तरी आखणीची रीत उपयोगी पडेल.

आधी घरचे पंचांग, मग बेटावरचा पाऊस

सहल आणि पेरणी यांत फारसा फरक नाही. घात साधली तर सगळे साधते. श्रीलंका हे बेट आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढे, ६५,६१० चौरस किलोमीटर. पण एवढ्याशा बेटावर पाऊस दोन बाजूंनी, दोन वेगळ्या वेळी येतो. मे ते सप्टेंबर तो नैर्ऋत्येकडून येतो. हा आपलाच मोसमी पाऊस. तो पश्चिम व दक्षिण किनारा आणि मधले डोंगर भिजवतो. डिसेंबर ते फेब्रुवारी तो ईशान्येकडून येतो आणि उत्तर व पूर्व भाग भिजवतो. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळीकडेच जोराचे असतात, आणि वादळेही बहुधा त्याच सुमारास उठतात. २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस आलेल्या 'दित्वा' चक्रीवादळाने तिथे शेकडो माणसे दगावली आणि डोंगरातले रस्ते व रेल्वे यांची फार हानी झाली.

म्हणून 'लंकेला कधी जावे' असा प्रश्न न विचारता 'आपल्याला सवड असेल तेव्हा लंकेचा कोणता किनारा कोरडा असतो' असे विचारावे. डिसेंबर ते मार्चमध्ये सवड असेल तर दक्षिण व पश्चिम किनारा धरा: गॉल, उनावटुना, मिरिस्सा, बेंटोटा. मे ते सप्टेंबरमध्ये असेल तर पूर्व किनारा धरा: त्रिंकोमाली, पासिकुडा. आमच्यासारख्या धानवाल्याला चुरणा आटोपून धान विकले गेले आणि बांधीतली लाखोळी-हरभरा अजून काढणीला आला नाही, असा फेब्रुवारीचा पंधरवडा मोकळा सापडतो. द्राक्षबागाईतदाराला त्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते. त्याने ऑक्टोबर छाटणीच्या आधीचे, जुलै-ऑगस्टचे दिवस पाहावेत आणि पूर्व किनारा निवडावा. ज्याची सवड फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरात आहे त्याने लंका सोडून दुसरे ठिकाण पाहावे.

आम्ही २०२४ चा फेब्रुवारी धरला.

पैसा आणि कागद

पहिली गोष्ट म्हणजे कर्ज काढून फिरायला जाऊ नये. पीककर्जाला तर हातच लावू नये. ते पैसे बियाण्याचे आणि खताचे आहेत. दादांच्या घरून दरमहा तीन हजार आणि माझ्या घरून तीन हजार, असे छत्तीस महिने बँकेत आवर्ती ठेवीत भरले. तीन वर्षांत दोन लाख सोळा हजार आणि वर व्याज झाले. चौघांची सहल जवळजवळ तेवढ्यात बसली. तीन वर्षे म्हणजे फार, असे वाटेल. पण एक गंमत सांगतो. या तीन वर्षांत दादा महिन्याच्या महिन्याला हप्ता भरायला जात आणि परत आल्यावर न विचारता सांगत, "लंकेचं पाणी भरून आलो." ज्या माणसाने सहलीला नाही म्हटले होते, तोच तिची राखण करू लागला.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. तो निदान सहा महिने आधी करायला घ्या. पासपोर्ट मिळण्यापेक्षा कागद जुळवायलाच जास्त वेळ लागतो. वहिनींच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारकार्डावर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. आपल्याकडे लग्नात बाईचे नाव बदलायची हौस असते, त्याचा हिशेब असा पुढे द्यावा लागतो. सगळीकडे एकच नाव करून घ्यायला पाच महिने गेले. तुम्हाला सहलीला जायचे नसले तरी घरातल्या बायकांच्या नावांचे कागद एकदा शेजारी-शेजारी मांडून पाहा. वारसाच्या किंवा विम्याच्या कामात हीच अडचण उभी राहते.

तिसरी गोष्ट प्रवेशपरवाना. लंकेत जाण्याआधी तो संगणकावरून काढता येतो. त्याचे नियम आणि शुल्क बदलत असते, म्हणून तिकीट काढण्याच्या वेळीच लंका सरकारच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली असावी. प्रवासाचा वैद्यकीय विमा उतरवावा. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

आम्ही नागपूरहून रेल्वेने चेन्नईला गेलो आणि तिथून विमानाने कोलंबोला. हवेतला प्रवास जेमतेम दीड तासाचा. घड्याळ बदलावे लागत नाही, कारण लंकेची वेळ आणि आपली वेळ एकच आहे. आपला एक रुपया तिथल्या तीन रुपयांहून अधिक भरतो. पण म्हणून हात सैल सोडू नये, कारण भावही त्या मानाने मोठे असतात.

आखणीचा कागद

चौकटीच्या कागदावर पीक-वेळापत्रक काढतो तसे मी दहा रात्रींचे वेळापत्रक काढले. विमानतळाजवळच्या निगोंबोला एक रात्र, सिगिरियाच्या आसपास दोन, कँडीला दोन, चहाच्या डोंगरात नुवारा एलियाला एक, आणि शेवटी दक्षिणेला उनावटुनाच्या समुद्राकाठी चार. वाहनासाठी चालकासह मोटार ठरवली. ठरवताना चालकाचे जेवण, मुक्काम आणि पेट्रोल भाड्यात धरले आहे की नाही हे आधीच लिहून घ्यावे. वाटेत 'मसाल्याचा बाग', 'रत्नांचे दुकान' असे थांबे आले तर 'नको' म्हणायला संकोच करू नये.

आखणीत दोन नियम पाळले. एका दिवसात मोठी गोष्ट एकच पाहायची, आणि शेवटचे चार दिवस कोरे ठेवायचे. त्या चार रकान्यांत मी काहीच लिहिले नाही. दादांनी कागद पाहून विचारले, "इथं काय पेरायचं राहिलं?" मी म्हटले, "हे पडीक ठेवलंय." जमीन पडीक ठेवण्याचा फायदा त्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ते पुढे बोलले नाहीत.

आणखी एक कागद घरी राहणाऱ्यांसाठी केला. दोन गाई, बैलजोडी, कोंबड्या, हरभऱ्याची राखण, दूध कोणाकडे घालायचे, जनावरांच्या डॉक्टरचा फोन. पुतण्या आणि सूनबाई घरी होती. तो कागद गोठ्याच्या दारावर चिकटवला तेव्हाच वहिनींचा जीव थोडा खाली बसला. घरची व्यवस्था लिहून ठेवल्याशिवाय घरची बाई मनाने घर सोडत नाही, हे आखणी करणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तलावांचा मुलूख

निगोंबोहून मोटारीने उत्तर-पूर्वेला निघालो की चार तासांत लंकेचा कोरडा मुलूख लागतो. तो पाहून आम्हाला परके वाटलेच नाही. आमच्या भंडारा-गोंदियात जसे मालगुजारी तलाव, तसे इथे गावोगाव तलाव. ते त्याला 'वेवा' म्हणतात. मिन्नेरियाचा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकात बांधला, कलावेवा धातुसेन राजाने पाचव्या शतकात. कलावेव्यापासून अनुराधपूरपर्यंत सुमारे ८७ कि.मी. लांबीचा कालवा आहे. त्याच्या पहिल्या टप्प्याचा उतार मैलाला अवघा सहा इंच भरतो. लेव्हलचे यंत्र हाती असूनही आमची चारी कधी उलटी वाहते. त्या माणसांनी दीड हजार वर्षांपूर्वी हे साधले. पोलोन्नारुवाला बाराव्या शतकातल्या पराक्रमबाहू राजाचा तलाव तर एवढा मोठा आहे की त्याचे नावच 'पराक्रम समुद्र'. त्याच्या पाळीवर उभे राहिल्यावर वहिनींनी विचारले, "हाच का समुद्र?" नावाने म्हणाल तर होय, असे मी सांगितले.

सिगिरियाचा कडा आजूबाजूच्या जमिनीपासून सुमारे १८० मीटर उंच आहे. वर पाचव्या शतकातल्या काश्यप राजाच्या वाड्याचे अवशेष आहेत. बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, म्हणून सकाळी सातच्या सुमारास चढायला लागावे. गुडघे दुखत असतील त्यांनी खालच्या जलउद्यानातच बसावे. तिथली जुनी कारंजी पावसाळ्यात अजूनही उडतात असे सांगतात. तिकीट काढताना भारतीय पासपोर्ट दाखवावा, सार्क देशांतल्या लोकांना सवलत मिळते.

पण या मुलखातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तिकीट काढून पाहायची नव्हती. मिन्नेरियाकडून परतताना रस्त्याकाठी धान पिवळे झालेले दिसले. लंकेत दोन हंगाम. 'महा' हंगामाची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, कापणी फेब्रुवारी-मार्चला. 'यला' हंगाम एप्रिल-मेपासून ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत. दादांनी मोटार थांबवली, बांधीत उतरले, लोंबी चोळली आणि दाणा दाताखाली धरला. बांधावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. चालकाला कामापुरती हिंदी येत होती, त्याच्यामार्फत दोघांचे बोलणे सुरू झाले. काही शब्दांना चालकाचीही गरज पडली नाही. सिंहली भाषेत शिजलेल्या भाताला 'बत' म्हणतात, गावाला 'गम', आणि सणाच्या दिवशी दुधात शिजवलेल्या भाताला 'किरिबत'. किरि म्हणजे आपले क्षीर.

दादांनी विचारले, "तलाव अर्धाच भरला तर काय करता?" त्यावर म्हाताऱ्याने 'बेठमा' नावाची रीत सांगितली. प्रत्येक हंगामाच्या आधी गावाची सभा भरते आणि पेरणीची तारीख व पाण्याचा हिशेब ठरतो. पाणी कमी असेल त्या हंगामात सगळी जमीन भिजवण्याचा खटाटोप करीत नाहीत. तलावाजवळचा जेवढा तुकडा भिजेल तेवढाच पिकवतात. पण त्या तुकड्याचे मूळ मालक एकटेच पिकवत नाहीत. तो तुकडा त्या हंगामापुरता सगळ्या गावात वाटून देतात. ज्याची जमीन शेवटच्या टोकाला, त्यालाही जवळच्या तुकड्यात वाटा मिळतो.

आपल्याकडे कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याची काय अवस्था असते ते तुम्ही जाणता. हेडवाल्याचा ऊस डोलतो आणि टेलवाला आकाशाकडे पाहतो. दादा बराच वेळ गप्प होते. मोटारीत बसल्यावर म्हणाले, "आपल्याकडं हे चालन का?" मी म्हटले, "गावात चालायला वेळ लागेल." त्या वेळी हा विषय इथेच थांबला.

त्याच शेतकऱ्याने आणखी एक दुःख सांगितले. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. त्याचे धान खुरटले, खंडीचे पायलीवर आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बंदी उठली, पण तो हंगाम हातचा गेला होता. २०२२ मध्ये देशावर मोठे आर्थिक संकट आले, त्यात इंधनाच्याही रांगा लागल्या. सेंद्रिय खताचा मी विरोधक नाही. पण जमिनीची सवय एका फर्मानाने बदलत नाही, ती एकेका बांधीने बदलावी लागते. तुम्हीही नवा प्रयोग करताना आधी एका तुकड्यावर करा.

चहाचे डोंगर

कँडीला बुद्धाच्या दाताचे मंदिर आहे. मंदिरात जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे व टोपी बाहेर ठेवावी, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. तिथे दर पौर्णिमेला 'पोया' म्हणजे सार्वजनिक सुटी असते. त्या दिवशी दारू मिळत नाही आणि मांसविक्रीही बंद असते. शेजारच्या पेराडेनियाला १८२१ मध्ये सुरू झालेले १४७ एकरांचे वनस्पती उद्यान आहे. त्यासाठी अर्धा दिवस ठेवावा. लंकेच्या कृषी खात्याचे मुख्यालयही पेराडेनियालाच आहे. माझ्यासारख्याचे पाय तिथून निघत नाहीत, हे सौ. तुम्हाला सांगेल.

कँडीहून नानू ओयापर्यंत आम्ही रेल्वेने गेलो. चारेक तास गाडी चहाच्या मळ्यांतून वर चढत जाते. २०२५ च्या वादळानंतर या मार्गाचे फार नुकसान झाले, म्हणून जाण्यापूर्वी गाडी कुठपर्यंत चालते ते विचारून घ्यावे. या डोंगरांवर पूर्वी कॉफी होती. १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा आला आणि पुढच्या काही वर्षांत मळेच्या मळे गेले. त्याच्या दोनच वर्षे आधी जेम्स टेलर नावाच्या मळेवाल्याने लूलेकोंडेरा येथे १९ एकरांवर चहा लावला होता. त्या चहाने पुढे देश सावरला. एकाच पिकावर सगळा संसार टाकू नये, याचा याहून मोठा धडा मी वर्गातसुद्धा दिलेला नाही.

पण वहिनींचे लक्ष झाडांकडे नव्हते. उतारावर बायका पाठीला पिशव्या बांधून पाने खुडत होत्या. इंग्रजांनी तामिळनाडूतून आणलेल्या मजुरांच्या या लेकी-नाती. वहिनी त्यांच्या पायांकडे पाहत होत्या. चिखलाने फुटलेल्या टाचा ओळखायला त्यांना भाषेची गरज नव्हती. त्यांनी चालकाला विचारले, "ह्यांना सुटी कधी असते?" चालक म्हणाला, "मॅडम, हे मला कोणी विचारलं नव्हतं."

समुद्राकाठचे चार दिवस

उनावटुनाला आम्ही एका घरगुती गेस्ट हाऊसमध्ये उतरलो. घरमालकीण आमच्या सौ.च्याच वयाची. तिथे आखणीचा कागद घडी करून ठेवून दिला.

पहिल्या दिवशी वहिनी पहाटे साडेचारला उठल्या आणि त्यांनी खोली व पडवी झाडून काढली. मालकिणीने हसत-हसत त्यांच्या हातातून केरसुणी काढून घेतली. दुसऱ्या दिवशी वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसल्या आणि नारळ खवून द्यायला मागू लागल्या. तिसऱ्या दिवशी त्या उठल्याच नाहीत. सूर्य वर आला, आम्ही चहा घेतला, तरी दार बंद. दादा घाबरून मला म्हणाले, "तिला बरं नाही वाटते. डॉक्टर पाहा." सौ. आत जाऊन आली आणि म्हणाली, "काही झालं नाही, ताई झोपल्या आहेत. झोपू द्या."

त्या संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो होतो. वहिनी लाटांकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, माझे पाय दुखायचे थांबले. मला वाटलं होतं हे वयाचं दुखणं आहे. हे तर कामाचं होतं."

दादा माझ्या शेजारीच होते. ते काही बोलले नाहीत. वाळू मुठीत धरून सोडत राहिले. बऱ्याच वेळाने मला हळूच म्हणाले, "तो म्हातारा काय म्हणत होता रे? टेलवाल्यालाही वाटा?"

वाचकहो, सांगायचा मुद्दा हाच आहे. विसावा हा पाण्यासारखा असतो. तो घरात येतोच, पण हेडला अडतो. पुरुष पारावर बसतो, मुलगा मोबाइल घेऊन बसतो, आणि टेलला जी बाई असते तिच्यापर्यंत थेंब पोचत नाही. ती मागतही नाही, कारण मागायची सवय नाही. म्हणून सहल आखताना ठिकाणे मोजू नका, टेलला पाणी पोचते की नाही ते पाहा. बारा देवळे, सहा धबधबे आणि चार किल्ले एका आठवड्यात दाखवणाऱ्या सहलीत घरची बाई पिशव्या भरते, मुलांची तोंडे पुसते आणि दमून परत येते. तिला सहल म्हणजे दुसऱ्या गावातले काम वाटले तर नवल काय?

समुद्राविषयी दोन सावधगिरीच्या गोष्टी. आपल्यासारख्या आतल्या मुलखातल्या माणसाने गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये. ओहोटीचा ओढा पायाखालची वाळू ओढून नेतो. लाल निशाण लावले असेल तिथे पाऊलही टाकू नये. आणि समुद्राचे पाणी एकाएकी फार मागे हटले तर शिंपले वेचायला न धावता उंचावर पळावे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत लंकेत तीस हजारांहून अधिक माणसे गेली. गॉलच्या रस्त्यावर पेरालियाला एक भरलेली रेल्वेगाडीच लाटांनी उलथून टाकली, तिथे स्मारक आहे. आमच्या मालकिणीने पाणी कुठवर आले होते ते हाताने दाखवले आणि लगेच विषय बदलला. आम्हीही पुढे विचारले नाही.

खाण्याची आबाळ होत नाही. भात, डाळ, फणसाची भाजी, आप्पम आणि शेवयांसारखे वाफवलेले इडियप्पम सगळीकडे मिळते. माळकरी मंडळींनी एक लक्षात ठेवावे. नारळाच्या लाल चटणीत सुक्या मासळीची पूड घालतात, तिला 'उंबलकड' म्हणतात. ती नको असे आधी सांगावे. दक्षिणेत मातीच्या गाडग्यात म्हशीचे दही मिळते, त्यावर भेर्ली माडाचा पाक घालून देतात. दादांनी ते रोज खाल्ले आणि रोज गाडगे उलटे करून पाहिले. शहाळे केशरी रंगाचे असते, त्याला 'तंबिली' म्हणतात.

घरी आल्यावर

घरी गाई ठीक होत्या. एका कोंबडीचा हिशेब लागला नाही, तो पुतण्याने मांजरावर टाकला.

त्या उन्हाळ्यात दादांनी एक गोष्ट सुरू केली. कालव्याला जशी पाणीपाळी असते, तशी घरात विसाव्याची पाळी लावली. सोमवारी संध्याकाळी वहिनींनी चूल पेटवायची नाही. ऐकायला हे सोपे आहे. पण दुसऱ्याच आठवड्यात वहिनींनी विचारले, "मग त्या दिवशी सुनेनं दोघींचं काम करायचं काय?" बरोबर प्रश्न होता. टेलचे पाणी टेलच्याच दुसऱ्या बांधीतून काढले तर ती वाटणी नव्हे. आता सोमवारी दोघींची पाळी असते. खिचडी पुतण्या टाकतो आणि गाई दादा धुतात. खिचडी कधी करपते. कोणी बोलत नाही, मुकाट्याने जेवतात. रोवण्याच्या दिवसांत ही पाळी मोडते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण रोवणा संपला की वहिनी स्वतःच आठवण करून देतात, आणि मला तेच जास्त महत्त्वाचे वाटते. ज्या बाईने 'माझं काय काम' असे विचारले होते, ती आता 'माझी पाळी कधी' असे विचारते.

तुम्ही लंकेलाच जा, असे माझे म्हणणे नाही. तीन वर्षांचे हप्ते झेपत नसतील तर कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर तीन दिवस जा. तेही जमत नसेल तर माहेरच्या गावी जा, पण तिथेही तिला चुलीपुढे बसू देऊ नका. कुठेही जा, आधी कागद घ्या आणि तीन ओळी लिहा. आपल्या पिकातून मोकळा पंधरवडा कोणता? आपल्यामागे गोठा कोण पाहील? आणि घरात जे माणूस सर्वांत शेवटी जेवते, ते या सहलीत किती तास नुसते बसून राहणार आहे?

तिसऱ्या ओळीपुढे आकडा लिहिता आला, तरच तिकिटे काढा.